केबलचा मोडेम घरी जोडताना

टीव्हीच्या केबलवरून इंटरनेटही येते, मात्र केबलवाल्याने ती सोय दिलेली हवी. केबलचे टोक मोडेमला हाताने पिळून घट्ट बसवावे आणि मोडेमपुढे राउटर जोडावा. राउटर म्हणजे आपला पाटकरीच! पाणी एकच, पण तो वाफ्यावाफ्याला वाटून देतो. मग मुलाचा अभ्यास, तुमचा सातबारा आणि सूनबाईंचा बचत गटाचा हिशेब एकाच वेळी चालतो.

पुष्कळ मोडेम पहिल्यांदा जोडलेल्या यंत्रालाच ओळखतात. म्हणून राउटर नवा लावला, की सर्व बंद करून आधी मोडेम, दिवे स्थिर झाल्यावर राउटर आणि शेवटी संगणक सुरू करावा. राउटरपासून संगणकापर्यंतची तार १०० मीटरपेक्षा लांब नसावी. राउटरचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

आणि एक गोष्ट विसरू नका. वळवाचे ढग भरून येताच प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवा. नुसते बटण बंद करून भागत नाही. वीज केबलवाटेही घरात शिरते. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र तारांना हात लावू नका. यंत्र दुसरे आणता येईल, घरचे माणूस नाही.