कातळ आणि ‘उत्पत्ति’ : मराठी मुलखातील ख्रिस्ती सृष्टिविचाराचा मागोवा

ही सृष्टी ईश्वराने निर्माण केली, हा ख्रिस्ती श्रद्धेचा पहिला उच्चार आहे. परंतु ती केव्हा आणि किती काळात निर्माण झाली, या प्रश्नाला ख्रिस्ती परंपरेने सर्वकाळ एकच उत्तर दिलेले नाही, आणि महाराष्ट्रात तर या प्रश्नाचा इतिहास पायाखालच्या काळ्या कातळाशीच जोडला गेला आहे. ब्रह्मगिरी, अंजनेरी आणि रामशेज हे नाशिक परिसरातील डोंगर, तसेच पांडवलेणी ज्यात कोरली गेली तो खडक, हे सारे बेसाल्टचे, म्हणजे भूकवचातील भेगांतून वर आलेला लाव्हा निवून झालेल्या पाषाणाचे आहेत. असे प्रवाह एकावर एक साचत गेले आणि आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला दख्खनचा कातळ तयार झाला. चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात नाशिकजवळ वसवलेली शरणपूरची ख्रिस्ती वसाहत याच कातळावर उभी राहिली. बायबलमधील ‘उत्पत्ति’ या पहिल्या पुस्तकाचे वाचन आणि या कातळाचे वाचन ही दोन्ही कामे मराठी मुलखात एकाच शतकात रुजली, आणि निदान एका माणसाने तरी ती दोन्ही एकाच निष्ठेने केली.

तथापि वादाचा आरंभ जमिनीवरून नव्हे, तर आकाशावरून झाला. भोपाळजवळील सिहोर येथे कंपनी सरकारचे अधिकारी लान्सलॉट विल्किन्सन यांच्या प्रोत्साहनाने सुबाजी बापू यांनी १८३६ मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ सिद्ध केला आणि त्यात पुराणांतील सपाट पृथ्वी, भास्कराचार्यांच्या ज्योतिषातील गोल परंतु स्थिर पृथ्वी आणि कोपर्निकसच्या मताप्रमाणे सूर्याभोवती फिरणारी पृथ्वी ही तिन्ही मते वाचकांपुढे तुलनेसाठी ठेवली. पुढे १८४२ मध्ये अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले, तेव्हा धर्मोपदेशाबरोबर खगोल, भूगोल आणि सृष्टिज्ञान हे विषयही त्यात मराठीतून येऊ लागले. ग्रहण राहूमुळे होत नसून छायेमुळे होते हे दाखवून पुराणांच्या प्रामाण्याविषयी शंका उपस्थित करणे, हा मिशनरी लेखनातील एक ठरलेला युक्तिवाद होता. मात्र जो मापदंड दुसऱ्याच्या ग्रंथाला लावला जातो तो आपल्या ग्रंथालाही लावावा लागतो. कारण ‘उत्पत्ति’च्या पहिल्या अध्यायात सूर्य चौथ्या दिवशी निर्माण होतो, आणि त्यामुळे आधीचे तीन दिवस कोणत्या मापाने मोजायचे हा प्रश्न तितक्याच न्यायाने उभा राहतो.

या प्रश्नावर त्या काळी तीन प्रकारची उत्तरे प्रचलित होती. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये बायबलमधील वंशावळींची बेरीज करून सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये धरला होता, आणि ही गणना अनेक इंग्रजी बायबलांच्या समासात छापली जात असे. स्कॉटलंडचे टॉमस चामर्स यांनी अंतरालमत मांडले, म्हणजे पहिल्या दोन वचनांच्या दरम्यान अमर्याद काळ गेला असावा असे मानून भूविज्ञानाला जागा करून दिली. तर ह्यू मिलर यांनी सहा दिवस म्हणजे सहा दीर्घ युगे असे युगमत पुरस्कारले. चामर्स आणि मिलर हे दोघेही १८४३ मध्ये वेगळ्या झालेल्या फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे आधारस्तंभ होते, ही गोष्ट महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कारण याच चर्चने रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांना नागपूरला धाडले.

हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले, १८४६ मध्ये त्यांनी शाळा काढली, आणि शाळा व उपदेश सांभाळून सहकारी रेव्हरंड रॉबर्ट हंटर यांच्यासह ते परिसरातील खडक तपासू लागले. नागपूर परिसराच्या भूरचनेवरील या दोघांचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. मांगली येथील उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी त्याच वर्षी केले. परंतु हिस्लॉप आणि हंटर यांच्या संग्रहातील सर्वांत बोलका भाग टाकळीसारख्या ठिकाणचा होता. तेथे लाव्हाच्या थरांशी निगडित गाळात गोड्या पाण्यातील गोगलगायी, मासे, फळे, बिया आणि कीटकांचे अवशेष सापडले. अशा गाळाला आंतरलाव्हा थर म्हणतात, कारण दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात तेथे तळी साचली, त्यांत जीव नांदले आणि काठावर झाडे वाढली. नागपूर परिसरातीलच टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉप ओढ्याच्या पुरात बुडाले; नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांचे नाव आजही वागवते.

नाशिककडे तळ्यांचा असा गाळ सहसा दिसत नाही, परंतु त्याच अर्थाची दुसरी खूण सह्याद्रीच्या घाटांतील कापीव कड्यांत आढळते, ती म्हणजे दोन काळ्या थरांच्या मधोमध असलेली विटकरी तांबड्या मातीची पट्टी. एका प्रवाहाचा माथा ऊनपावसात उघडा राहून झिजला, त्याची माती झाली आणि मगच तिच्यावर नवा प्रवाह आला, असे ही पट्टी सांगते. कातळातील वायूच्या पोकळ्यांत पाणी झिरपून तयार झालेले झिओलाइटचे स्फटिक, ज्यांसाठी नाशिक जिल्हा जगभर ओळखला जातो, तेही सावकाश घडणाऱ्या क्रियेचेच फळ आहे.

विसाव्या शतकात मात्र ख्रिस्ती विचारातील एक प्रवाह पुन्हा अशरच्या गणनेकडे वळला. अमेरिकेत जॉन व्हिटकॉम आणि हेन्री मॉरिस यांनी १९६१ मध्ये ‘द जेनेसिस फ्लड’ या ग्रंथात पृथ्वीचे वय काही हजार वर्षांचे मानून बहुतेक स्तर नोहाच्या एका जलप्रलयात साचले असे प्रतिपादन केले. या मताला तरुण-पृथ्वीवाद म्हणतात. सहा दिवसांच्या निर्मितीवर भर देणाऱ्या सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाची पुण्यातील स्पायसर ही संस्था महाराष्ट्रातील ख्रिस्ती शिक्षणाचा एक जुना भाग आहे. वचनाचा मान राखला जावा ही या मतामागील तळमळ खरी आहे आणि तिचा आदरच केला पाहिजे. परंतु प्रलयाच्या एका वर्षात तळी साचणे, गोगलगायींच्या पिढ्या नांदणे, कातळाची माती होणे आणि हे सारे पुन्हा पुन्हा घडणे बसत नाही. किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या क्षयावरून दख्खनच्या लाव्हाचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे आणि पृथ्वीचे सुमारे ४५४ कोटी वर्षे ठरते. आकाशाची साक्षही तीच आहे. काळोख्या रात्री नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या देवयानी दीर्घिकेचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला असतो. विश्व प्रसरण पावते हे १९२७ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र हे स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते, हेही येथे नोंदवणे उचित ठरते.

पावणेदोनशे वर्षांच्या या वाटचालीतून एक गोष्ट ठळकपणे हाती येते. मराठी मुलखात कातळाच्या प्राचीनत्वाचा पुरावा श्रद्धेच्या शत्रूंनी बाहेरून आणून टाकला नाही. त्याचा मोठा भाग ‘उत्पत्ति’ वाचणाऱ्या आणि सृष्टी ईश्वराची आहे असे मानणाऱ्या उपदेशकाने हातोडीने फोडून, कागदात गुंडाळून आणि नोंद करून जपला. निर्मात्यावर विश्वास असणाऱ्याने निर्मितीची साक्ष लपवण्याचे कारणच नाही, हे हिस्लॉप यांच्या आयुष्याचे सार आहे. म्हणून शरणपूरच्या शाळेत असो वा नागपूरच्या, ख्रिस्ती मुलाला ‘उत्पत्ति’चा पहिला अध्याय शिकवताना घाटातील तांबडी पट्टीही दाखवली पाहिजे; म्हणजे त्या अध्यायातून सृष्टी कोणाची हे त्याला कळेल, आणि त्या पट्टीतून ती घडवणाऱ्याचा धीर किती मोठा आहे हे समजेल.