रुपयात किती आणे दुखतंय?

सलाईनची बाटली बदलायची, ड्रेसिंगची पट्टी सोडवायची, थर्मामीटर काखेत देऊन थांबायचं. वॉर्डातल्या सिस्टर पेशंटशी बोलतात ते अशी कामं करता करता; त्यासाठी वेगळा वेळ कुणी राखून ठेवलेला नसतो. बीपीचा पट्टा फुगलेला असताना मात्र त्या गप्प राहतात आणि पेशंटलाही बोलू देत नाहीत, कारण बोलण्यानं आकडा वर जातो. एका जिल्हा रुग्णालयाच्या स्त्री शस्त्रक्रिया विभागात परवानगी घेऊन मी रात्रपाळीला बसत होते. रात्री आठ ते सकाळी आठ, चाळीसेक खाटा, दोन सिस्टर. तिथे जे ऐकलं त्यावरून माझं ठाम मत झालं आहे, की हे बोलणं उपचाराचाच भाग आहे आणि त्याला शिरेत सुई घालण्याइतकंच कसब लागतं.

पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलेल्या एका काकूंकडे सिस्टर पहाटेच गेल्या. “उपाशी आहात ना?” असं विचारलं की “हो” हेच उत्तर येतं, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी विचारलं, “उठल्यापासून तोंडात काय काय गेलं?”

“काय न्हाई. घोटभर चहा तेवढा. आन् मिश्री लावली.”

चहाला कुणी खाणं म्हणत नाही. भूलशास्त्राच्या हिशेबात मात्र दुधाचा चहा हलक्या जेवणात मोडतो आणि त्यानंतर सहा तास थांबावं लागतं. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरलं तर जिवावर बेततं. सिस्टर रागावल्या नाहीत. “बरं झालं सांगितलंत,” म्हणाल्या आणि भूलतज्ज्ञांना फोन लावला; काकूंचा नंबर दुपारवर गेला. रागावलं असतं तर काय झालं असतं, हे मला त्यांनी नंतर सांगितलं: काकूंनी पुढच्या वेळी लपवलं असतं, आणि ऐकत पडलेल्या शेजारच्या चार खाटांनीही.

सगळ्यात जास्त कसब मला दुखण्याच्या चौकशीत दिसलं. शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे असह्य, ही मोजपट्टी आता सगळीकडे शिकवतात. पण सत्तरीच्या आजीला “दहापैकी किती?” म्हटलं की ती गोंधळते. सिस्टर विचारतात, “आजी, रुपयात किती आणे दुखतंय?” आजी लगेच सांगते, “काल रुपयाभर हुतं, आज बारा आणे.” दोन तासांनी गोळीचा असर झाल्यावर “आठ आणे” येतं. आणे चलनातून जाऊन साठ वर्षं उलटली, पण गुण किती आला ते सांगायला आजींना अजून आणेच लागतात.

पुढचा प्रश्न, कसं दुखतंय? इथे सिस्टर शब्द पुढे करतात आणि थांबतात. “ओढल्यासारखं, की ठणकतंय? आग होतेय, की कळ येते?” टाक्यांची ओढ असेल तर कूस बदलायला मदत करायची, खोकताना पोटावर उशी धरायला शिकवायचं. ठणका असेल तर पट्टी सोडून पू, लाली बघायची. सलाईनच्या हाताची आग होत असेल तर सुई काढून दुसरी शीर शोधायची. रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 मध्ये वेदनेच्या वर्णनाचे 78 शब्द गटवार लावून मॅकगिल प्रश्नावली प्रसिद्ध केली. तेच काम या सिस्टर नुसतं ऐकून करत होत्या, आणि त्यांचे शब्द पेशंटच्या घरातले होते.

हिल्डगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन परिचारिकेनं 1952 च्या आपल्या पुस्तकात परिचारिका आणि रुग्ण यांच्यातलं नातं शुश्रूषेच्या केंद्रस्थानी आणलं. आपल्याकडच्या नर्सिंगच्या विद्यार्थिनीही तिने सांगितलेले या नात्याचे टप्पे परीक्षेसाठी पाठ करतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल तर त्याच्याही आधी बजावून गेली होती, की रोग्याला मान वळवावी लागणार नाही अशा जागी बसून बोला. वॉर्डात स्टूल मोजकीच. सिस्टर तेवढ्यासाठी एक सोबत ओढत नेतात.

पायाच्या जखमेसाठी आलेल्या मधुमेही बाईंना घरी सोडताना इन्सुलिन समजावून झाल्यावर “कळलं का?” हा प्रश्न आलाच नाही. “आता घरी सुनेला कसं सांगाल, ते मला सांगा,” एवढंच. त्यातून निघालं, की बाई एकादशीला दिवसभर फक्त पाण्यावर राहतात आणि इन्सुलिन रोजच्याएवढंच घेणार होत्या.

एका रात्री दीडच्या सुमाराला तपासणीसाठी गाठीचा तुकडा दिलेल्या एका मावशींनी विचारलं, “सिस्टर, मला कॅन्सर हाय का?” रिपोर्ट संध्याकाळीच आला होता. “आईला सांगू नका,” असं मुलगा बजावून गेला होता. “तसं काही नाही, झोपा,” हे उत्तर सोपं होतं, आणि खोटं. निदान सांगणं हे डॉक्टरांचं काम. सिस्टर स्टूलवर बसल्या. “तुम्हाला काय वाटतंय?” मावशी बराच वेळ गप्प होत्या. सिस्टरही गप्प राहिल्या. माझ्यासारखीनं ती शांतता काहीतरी बोलून भरून टाकली असती. मग मावशी बोलल्या, गाठीबद्दल कमी आणि धाकट्या मुलीच्या लग्नाबद्दल जास्त. पोराला विचारलं की तो तोंड फिरवतो, हेही सांगितलं. त्यांना आजार बहुधा कळलेला होता. त्याबद्दल बोलायला माणूस नव्हता. सिस्टर म्हणाल्या, “रिपोर्टचं डॉक्टरच सांगतील. सकाळी राउंडला तुम्ही त्यांना विचारा. मी थांबते तुमच्याजवळ.”

नाडी, ताप, लघवी, सलाईन यांचे रकाने छापील असतात. मावशींजवळ बसण्यात गेलेल्या पाऊण तासाला रकाना नाही, त्यामुळे मनुष्यबळाच्या हिशेबातही तो येत नाही. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं. त्या रात्री सिस्टरनी रिपोर्ट बुकात झोपेच्या नोंदीखाली स्वतःच एक ओळ लिहिली: पेशंटला आजाराबद्दल विचारायचं आहे, मुलाशी आधी बोलावं. आठ वाजता सकाळच्या सिस्टरनी ती वाचली आणि डॉक्टर यायच्या आत मुलाला फोन केला. रात्रीच्या सिस्टरची ड्यूटी संपली होती. राउंड होईपर्यंत त्या थांबल्या.