विशेष करक्षेत्रे आणि मतदानाचा अधिकार

अमेरिकेतील काही घटक राज्यांत कायद्याचा एखादा प्रश्न थेट मतदारांपुढे ठेवण्याची प्रथा आहे. ६ जून १९७८ रोजी कॅलिफोर्निया राज्यात ‘प्रस्ताव १३’ असाच मतास टाकण्यात आला. घरांच्या किमतींबरोबर मालमत्ता करही भराभर वाढत होता आणि अनेक घरमालकांना तो डोईजड झाला होता. सुमारे ६५ टक्के मतदारांनी प्रस्ताव संमत केला. मालमत्ता कर सर्वसाधारणपणे निर्धारित मूल्याच्या १ टक्क्यावर रोखला गेला. शिवाय, विशिष्ट कामासाठी नवा कर बसवावयाचा झाल्यास दोन-तृतीयांश मतांची अट घालण्यात आली.

घरमालकांना दिलासा मिळाला. परंतु नव्याने वसणाऱ्या वस्त्यांना रस्ते, सांडपाण्याच्या वाहिन्या आणि शाळा पुरवावयाच्या कशा, हा प्रश्न उभा राहिला. त्यावर १९८२ साली विधिमंडळाने एक कायदा केला. हेन्री मेलो आणि माइक रूस या लोकप्रतिनिधींच्या नावांनी तो ओळखला जातो. या कायद्यान्वये एखाद्या भूभागाचे विशेष करक्षेत्र करता येते. कर्जरोखे विकून कामे आधी उभारावयाची आणि तेथील मालमत्तांवर दरवर्षी विशेष कर बसवून ते कर्ज फेडावयाचे, अशी ही योजना आहे. हा कर मालमत्तेच्या किमतीवर आकारला जात नसल्यामुळे १ टक्क्याची मर्यादा त्यास लागू होत नाही.

दोन-तृतीयांश मतांची अट मात्र येथेही आहे. पण ही मते कोणाची? क्षेत्रात किमान १२ नोंदलेले मतदार असतील तर ते मत देतात. त्याहून कमी असल्यास जमीनमालक मत देतात, आणि तेही दर एकरी एक या प्रमाणात. वसाहत उभी राहण्यापूर्वी मोकळ्या माळावर मतदार कोठून असणार? समजा, १०० एकर जमीन एकाच बांधकाम व्यावसायिकाची आहे. अशा वेळी त्या एकट्याच्या १०० मतांनी कर संमत होतो. पुढे घरे विकली गेली की तो कर भरतात खरेदीदार. मतदानाच्या वेळी ते तेथे नव्हतेच.

एवढ्यावरून ही पद्धत अन्यायाचीच आहे, असे म्हणता येणार नाही. रस्त्याचा लाभ ज्यांना मिळतो त्यांनीच खर्च सोसावा, हे तत्त्व रास्त आहे. विक्रेत्याने खरेदीदारास या कराची सूचना देणेही कायद्याने बंधनकारक आहे. तथापि सूचना मिळणे निराळे आणि संमती देणे निराळे. जुन्या रहिवाशांनी आपला कर आपल्या मताने रोखला. नव्या रहिवाशांच्या वाट्याला मात्र दुसऱ्याच्या मताने ठरलेला कर आला.