समोरून बोट आली, वळायचं कुठे?

रस्त्यावर आपण डावीकडून गाडी चालवतो. पाण्यात हीच सवय अंगाशी येते. समोरासमोर आलेल्या दोन्ही मोटरबोटींनी आपापल्या उजवीकडे वळायचं, असं समुद्रातल्या टकरी टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात. अरुंद वाटेतही उजवी कड धरायची.

आडव्या येणाऱ्या बोटीचं प्रकरण अधिक नाजूक. जी तुमच्या उजव्या हाताला आहे, तिला वाट तुम्ही द्यायची. वेग कमी करा, नाहीतर तिच्या मागून जा; पुढून घुसायचं नाही. बोटीच्या डाव्या अंगाला तांबडा आणि उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो, त्यामुळे रात्री उजवीकडून आडव्या येणाऱ्या बोटीचा तांबडा दिसला की वाट सोडायची. वाट मिळालेल्या दुसरीने आपली दिशा आणि वेग कायम ठेवायचा, म्हणजे वाट देणाऱ्या पहिलीला अंदाज बांधता येतो. पण पहिली हटलीच नाही, तर ‘वाट माझी होती’ म्हणून दुसरीला हातावर हात धरून बसता येत नाही. टक्कर चुकवणं तिच्यावरही बंधनकारक आहे. या नियमांतलं सगळ्यांत मोठं शहाणपण मला इथेच दिसतं.

टक्कर होणार का, हे ओळखायची खूणही सोपी आहे. दुसरी बोट होकायंत्रावर त्याच दिशेला राहून नुसती जवळ येत असेल, तर धोका आहे. डोळ्यांना मात्र जागचं न हलणारं काही निरुपद्रवी वाटतं, आणि तिथेच घात होतो.

बोटीला ब्रेक नसतो. इंजिन उलटं फिरवलं तरी ती काही अंतर पुढे जातेच. म्हणून या नियमांत वेगाचा एक ठरलेला आकडा नाही. किती दूरचं दिसतं, गर्दी किती, वारा कसा, हे पाहून वेळेत थांबता येईल तोच सुरक्षित वेग.

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट ताबा सुटून आदळली. पंधरा जीव गेले. ‘नीलकमल’ची परवानगी ८४ प्रवाशांची होती, बोटीवर शंभराहून अधिक माणसं होती. टक्कर गर्दीमुळे झाली नाही, हे खरं. पण बोट बुडू लागली की जादा चढलेल्या प्रत्येक माणसामागे एक लाईफ जॅकेट कमी पडतं.

अपघात धरणांत आणि नद्यांतही होतात, आणि तिथेही कायदा आहे. उजनी धरणात मे २०२४ मध्ये वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जण बुडाले. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यांत्रिक बोटीची तपासणी, नोंदणी, विमा आणि चालवणाऱ्याकडे पात्रतेचा दाखला, या सगळ्याची तरतूद आहे. किती माणसं न्यायची, तेही ठरवून दिलेलं असतं.

चढण्याआधी तो आकडा विचारा आणि माणसं मोजा. जॅकेट छताला बांधलेलं असेल तर धक्का सुटण्याआधीच मागून घ्या आणि पट्टे आवळा. पाण्यात पडल्यावर ते अंगात चढवणं पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जड जातं.