आजीच्या आंघोळीपुरती ऊब

बेगम बाजारातल्या तांब्या-पितळेच्या दुकानांसमोर उभं राहिलं की हैदराबादच्या जुन्या मराठी घरांतला बंब आठवतो. मधोमध नळकांडं, त्यात निखारे आणि लाकडाच्या ढलप्या, भोवती पाणी, खाली तोटी. बंबाने पाणी तापायचंच, शिवाय त्याच्या तापलेल्या अंगामुळे सारी न्हाणी उबदार व्हायची. गीझरचं उलटं आहे. पोटातली ऊब बाहेर जाऊ नये, अशीच त्याची बांधणी. त्यामुळे पाणी कढत मिळतं आणि खोली मात्र गारठलेलीच राहते.

धडधाकट माणसाला हैदराबादच्या थंडीचं काही वाटत नाही. पण जानेवारीत पारा बारा-तेरावर उतरलेल्या पहाटे ऐंशीच्या घरातल्या आजी, बाळंतीण आणि तान्हं बाळ यांची आंघोळ ही खरी काळजीची गोष्ट असते. कुडकुडत, घाईघाईने उठताना ओल्या फरशीवर पाय घसरतो तो अशाच वेळी.

हीटर घेण्याआधी न्हाणीघराच्या खिडकीच्या झडपेकडे बघा. ओल्या अंगावरचं पाणी वाळताना शरीरातली उष्णता ओढून नेतं आणि वाहत्या हवेत ते भराभर वाळतं. म्हणून आंघोळीपुरती झडप लोटून घ्यावी, एक्झॉस्ट फॅन बंद ठेवावा आणि बसण्याआधी फरशीवर व भिंतीवर दोन तांबे कढत पाणी ओतावं. बऱ्याच घरांत एवढ्यानेच भागतं.

भागलं नाही तर वीज. पाच बाय सात फुटांच्या न्हाणीघरातली हवा दहा अंशांनी तापवायला दोन हजार वॅटच्या ब्लोअरला हिशेबाने मिनिटभरही लागत नाही. पण फरशा आणि भिंती ती ऊब शोषत राहतात. शिवाय ब्लोअर वारा सोडतो आणि ओल्या अंगाला तोच वारा झोंबतो. तेव्हा तो आंघोळीआधी दहा मिनिटं लावावा आणि बाहेर काढून ठेवावा. तेलाचा रेडिएटर तापायलाच वेळ घेतो. एवढ्याशा कामाला तो नको. माझी पसंती भिंतीवर उंच पक्क्या बसवलेल्या, लाल तापणाऱ्या क्वार्ट्झ किंवा कार्बन नळीच्या हीटरला. त्याची ऊब कोवळ्या उन्हासारखी थेट अंगावर येते, हवा तापायची वाट पाहावी लागत नाही. हजार वॅटचा हीटर पाव तास चालला तर जेमतेम पाव युनिट वीज जाते.

मात्र आपली आंघोळ बादली-तांब्याची. पाणी चारी भिंतींवर उडतं आणि विजेच्या हीटरवर पडलं तर धोका असतो. म्हणून हीटर पाण्याच्या शिंतोड्यांपासून सुरक्षित, म्हणजे निदान आयपीएक्स-4 दर्जाचा हवा, साडेसात फुटांच्या वर आणि बसण्याच्या जागेपासून दूर हवा. बटण न्हाणीघराबाहेर. दोन हजार वॅटला जवळजवळ नऊ अँपिअर वीज लागते. त्याला सोळा अँपिअरचा सॉकेट लागतो, एक्स्टेंशन बोर्ड नव्हे. अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवा. हे सामान बेगम बाजाराजवळच्या ट्रूप बझारमध्ये मिळेल, पण जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या. हीटरच्या किमतीत घासाघीस खुशाल करा, वायरच्या जाडीत नको.

शेगडीचा विषय निघतोच, विशेषतः घरात बाळंतीण असली की. बंद न्हाणीघरात निखारे ठेवू नका. जुन्या वाड्यातल्या न्हाणीला वरून धूर जायला वाट असायची. फ्लॅटमध्ये ती नसते. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. गुदमरल्याचं कळण्याआधीच माणूस बेशुद्ध पडतो. गॅस गीझरचा धोकाही हाच, म्हणून तो मोकळ्या हवेत, न्हाणीघराबाहेरच हवा.

टॉवेल आणि कपडे आत, हाताशी ठेवा. दार उघडण्याआधी अंग कोरडं करून स्वेटर चढवता आला पाहिजे. आजी बाहेर आल्या की हीटर बंद करून एक्झॉस्ट फॅन लावा, नाहीतर साचलेल्या वाफेने छताला बुरशी धरते.