पडद्यावरील चौकट हळुवार कशी उघडते?

इयत्ता अकरावीच्या प्रवेशाचे अर्ज २०२५ पासून यवतमाळांतील पालकांनाही संगणकावर भरावे लागतात. ‘अर्ज पाठवावयाचा काय?’ असें विचारणारी चौकट एकाएकीं अंगावर आली, कीं मनुष्य गोंधळून भलतीच कळ दाबतो. ती हळुवार यावी, अशी सोय आतां ब्राउझरच्या अंगींच आहे.

दादासाहेब फाळक्यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) पूर्वीं वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली, तेव्हां मधलें प्रत्येक चित्र त्यांना स्वतः घ्यावें लागलें. सीएसएसमध्यें आरंभ, शेवट व अवधि इतकेंच सांगावें. मधल्या अवस्था ब्राउझर काढतो.

अडचण निराळीच होती. मिटलेली चौकट ‘डिस्प्ले नन’ असते, म्हणजे पडद्याच्या हिशेबीं ती नाहींच. जी नाहीं तिला आरंभ कोठला? म्हणून ‘स्टार्टिंग-स्टाइल’ हा नियम निघाला: उमटतांना ती प्रथम पारदर्शक मानावी. मिटतांना ‘अलाऊ-डिस्क्रीट’ लिहिल्यास संक्रमण संपेतों ती थांबते. ‘ओव्हरले’ जोडल्यास तोंपर्यंत सर्वांच्या वरच्या थरांतही राहते. हें क्रोमनें २०२३ सालीं आणलें. स्टार्टिंग-स्टाइल सफारी व फायरफॉक्स यांनीं २०२४ त घेतला. जुन्या ब्राउझरांत चौकट पूर्ववत् झटकन उघडते. काम अडत नाहीं.

पाव सेकंद पुरे. अधिक दिरंगाई म्हणजे मिरवणूकच. हालचालीनें ज्यांना घेरी येते, त्यांनीं यंत्रांत तसें नोंदविलें असल्यास ‘प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन’ पाहून ती मुळींच देऊं नये.