स्पेनमधील मैत्रीची परंपरा

स्पॅनिश भाषेत मित्राला 'अमिगो' व मैत्रीला 'अमिस्ताद' म्हणतात. स्पेनच्या समाजजीवनात कुटुंबाबरोबरच मैत्रीलाही मानाचे स्थान आहे आणि ही मैत्री जोपासली जाते ती मुख्यत्वे एकमेकांना वेळ देऊन. जेवण आटोपले तरी मंडळी लगेच उठत नाहीत. गप्पांना खरा रंग त्यानंतरच चढतो. या वेळेला 'सोब्रेमेसा' असे स्वतंत्र नावच आहे. ठरावीक मंडळींनी नियमितपणे कॅफेत जमून साहित्य, राजकारण अशा विषयांवर बोलत बसण्याच्या प्रथेस 'तेर्तुलिया' म्हणतात. माद्रिदमध्ये १८८८ साली सुरू झालेले 'काफे हिहोन' त्यासाठी प्रसिद्ध आहे.

उत्तरेकडील बास्क प्रदेशात व नावारा प्रांतात 'क्वाद्रिया' म्हणजे मित्रांचा गट असतो. बालपणी जुळलेला हा गट पुष्कळदा आयुष्यभर टिकतो. संध्याकाळी एकत्र फिरताना प्रत्येक जण सारखीच रक्कम सामाईक निधीत टाकतो व सर्वांचा खर्च त्यातून भागतो. तेथे कोणी यजमान नसतो, कोणी पाहुणा नसतो.

याच दोन प्रदेशांतील दोन संतांची मैत्री आपल्या परिचयाची आहे. संत इग्नेशियस लोयोला बास्क, तर संत फ्रान्सिस झेवियर नावाराचे. १५२१ साली पाम्प्लोना येथे कास्तीलच्या बाजूने लढताना इग्नेशियस जखमी झाले. झेवियर यांचे भाऊ विरुद्ध पक्षात होते. १५२९ साली पॅरिसमध्ये शिकताना मात्र दोघे एकाच खोलीत राहू लागले. झेवियर यांचे मन वळायला काही काळ जावा लागला. पण पुढे १५३४ साली दोघांनी सोबत्यांसह एकत्र व्रते घेतली.

१५४० साली झेवियर यांनी रोम सोडले. त्यानंतर या मित्रांची भेट झाली नाही. ६ मे १५४२ रोजी झेवियर गोव्यात पोहोचले. मित्रांच्या पत्रांतील त्यांच्या हातच्या सह्या कापून घेऊन त्या आपण सतत जवळ बाळगतो, असे त्यांनी १५४६ साली आंबोन बेटावरून कळविले होते. २८ जून १५५३ रोजी इग्नेशियस यांनी त्यांना युरोपात परत बोलावणारे पत्र लिहिले. तेव्हा चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर झेवियर यांचे निधन होऊन जवळजवळ सात महिने लोटले होते.

जुन्या गोव्यात त्यांच्या दर्शनास जाताना त्या सह्यांचेही स्मरण व्हावे. दूर गेलेल्या मित्राला लिहायचे आपल्याकडून राहून गेले असेल, तर ते आजच लिहावे.